वगळलेली ओळ

मंडळाला जूनच्या आत आकडा हवा होता:
पडद्यावर वाचायला बसवलेली मुलं
खरंच वाचायला शिकतात का, आणि किती.
ग्रँडल्स कोव्हच्या शाळेत मुलं एकतीस, कॉम्प्युटर अकरा,
त्यातल्या एकाचं 'ई' बटण उडालेलं,
तिथे कुणीतरी च्युइंगगम बसवलंय
आणि ते चालतं.

प्रोग्राममध्ये एक बीव्हर आहे, चष्मेवाला.
शब्द बरोबर आला की शेपटी आपटतो,
चुकला की म्हणतो, "पुन्हा एकदा, दोस्ता!"
दिवसातून दोनशे वेळा, त्याच आवाजात.
अठ्ठावीस वर्षं शिकवतेय मी,
इतकी शांत एक सकाळसुद्धा राहिलेली नाही.

लायलला तो मानवला.
माझ्यासमोर पहिल्याच अक्षरावर अडकणारा लायल
हेडफोन चढवतो, भिंतीकडे तोंड करतो
आणि धडाधड वाचतो.
ऑर्लाला नाही मानवला. तिनं शोधून काढलं
की बीव्हरच्या नाकावर टिचक्या मारत राहिलं
तर पान आपोआप उलटतं.
पाच आठवड्यांत चाळीस पुस्तकं संपवली बयेनं.
दोघांची सरासरी काढली
तर एक तिसरंच मूल तयार होतं,
जे आमच्या वर्गात बसत नाही.

आणि टॅमसिन पार्डी, वय सात.
तिच्या नोंदी बघता बघता माझा चहा गार झाला.
सकाळी दहाला झरझर वाचणारी टॅमसिन
रात्री पावणेअकराला
'द' या शब्दापाशी अकरा सेकंद उभी.
'ऑफ' चुकलं. 'वॉज' चुकलं, तीनदा.
मग धड्यात होडी आली,
आणि 'बेट', गळाला लावायचं ते, लगेच.
'विंच' लगेच.
'अँकर' तर, त्यातला एच मुका असूनही,
पापणी लवायच्या आत.

आवाजाच्या फाइली होत्या. मी उघडल्या नाहीत.

हेडली पार्डी माझ्याच वर्गात होता,
माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी.
खिडकीतून वारा कुठला ते सांगायचा,
पुस्तक समोर आलं की शौचालयाला जायचं असायचं.
मी त्याला वर ढकलला. पुढच्या बाईंनीही ढकलला.
चौदाव्या वर्षी तो ढकलत ढकलत
खेकड्यांच्या बोटीवर पोचला.
अक्षरशत्रू म्हणतात अशा माणसाला.
शत्रुत्व कसलं,
नीट ओळखच कुणी करून दिली नव्हती.
ते काम माझं होतं.

नियम स्पष्ट आहे: एका खात्यावर दोन वाचक असतील
तर ती ओळ बाद.
मी लिहिलं: मुलं तीस. वगळलेली एक.
कारण: खातं सामाईक.
परिणाम: आहे. थोडा.
खर्चाच्या मानाने फारच थोडा.
मंडळाने आभार मानले
आणि सप्टेंबरपासून प्रोग्राम बंद करायचं ठरवलं.
मी सही केली. आकडे खरेच होते.

परवा दुकानात दिसला.
रंगाचा डबा हातात, झाकणावरचं बघत उभा,
ओठ किंचित हलत होते.
दुकानातली मुलगी म्हणाली, "हेडली, तो जहाजाचाच रंग आहे, घेऊन टाक."
"थांब जरा," तो म्हणाला.
मी बटाटे निवडत राहिले,
निवडून झालेलेच.

आता जुलै. शाळेला कुलूप.
मुलांची खाती मी सुट्टीआधी बंद करायची असतात.
तीस केली.
रात्री झोप येत नाही तेव्हा यादी उघडते,
आणि पावणेअकराच्या सुमारास
एका नावापुढे हिरवा ठिपका लागतो.

चौथी पातळी, सातवा धडा.
काल चाळीस मिनिटं तो 'दो' या शब्दावर अडून होता,
ज्यात सहा अक्षरं आहेत
आणि निम्मी नुसती बसून असतात.
त्या शब्दाचं समर्थन मलाही कधी करता आलेलं नाही.
बीव्हर म्हणत असेल, पुन्हा एकदा, दोस्ता.